पेयेचे प्रमाण लिहून द्यावे

ज्वराने क्षीण झालेल्या एका रुग्णास मी ‘लापशी द्यावी’ एवढेच सांगितले. घरी दूध-साखर घालून ओट्सची घट्ट लापशी झाली व रात्री आध्मान झाले. दोष ओट्सचा नव्हता. माझ्या अपुऱ्या सूचनेचा होता.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, दुसऱ्या अध्यायात, २८ यवागू वर्णिल्या आहेत. शार्ङ्गधरांनी पेयेस १४ पट, यवागूस ६ पट व विलेपीस ४ पट जल सांगितले. अग्नी वाढेल तसे जल कमी करावे, हे संसर्जनक्रमाचे मर्म होय.

यवतमाळ जिल्ह्यात कापूस-सोयाबीनपुढे ज्वारीचा पेरा घटला. तरी ज्वारीच्या कण्या जुन्या गृहिणींना ठाऊक आहेत. ओट्समधील बीटा-ग्लुकन कोलेस्टेरॉल कमी करण्यास साहाय्यक ठरते, हे मान्य. परंतु घरात ज्वारी असता गरीब रुग्णास पाकीट घेण्यास का लावावे? प्रथम तांदळाची पेया द्यावी. अग्नी सुधारल्यावर कण्या मऊ शिजवून, जिरे-सैंधव घालून द्याव्यात.

वैद्यबंधूंनी चिठ्ठीवर धान्य, पाण्याचे माप व वेळ लिहावी. औषधी दुकानदारांनी ती रुग्णास वाचून दाखवावी. मापाविना सांगितलेले पथ्य हे मात्रेविना दिलेल्या औषधासारखेच होय.