घटपर्णीची कुंडी बदलताना

झाड वाढलं की मोठी कुंडी आणायची, नवी माती भरायची आणि दोन मुठी शेणखत घालायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मोगरा, गुलाब, जास्वंद, सगळ्यांना हा रिवाज मानवतो. ज्या झाडाला तो मुळीच मानवत नाही, त्याच्याविषयी आज बोलायचं आहे. ते झाड म्हणजे घटपर्णी. शाळेच्या पुस्तकात तिचं चित्र आपण पाहिलेलं असतं. पानाच्या टोकाला तंतू, तंतूच्या टोकाला लोंबणारा सुरईसारखा घट आणि त्यावर छोटंसं झाकण. आता शहरांतल्या रोपवाटिकांमध्ये ती टांगत्या कुंडीत विकायलाही असते.

माझी पहिली घटपर्णी मी माझ्याच हातांनी मारली. वर्षभर ती छान होती. मग मला कुंडी लहान वाटू लागली. मी मोठी मातीची कुंडी आणली, तीत नदीकाठची काळी माती भरली आणि वर भरपूर शेणखत घातलं. मासे धुतलेलं पाणी गुलाबाला घालायची पद्धत आमच्या घरात अम्मीपासूनची. गुलाबाला चालतं, तर या मांसाहारी झाडाला का नाही, असा विचार करून तेही घातलं. महिनाभरात घट वाळले, पानांच्या कडा करपल्या, शेंडा काळा पडला. उपटून पाहिलं, तर मुळं कुजून गेली होती.

चूक कुठं झाली, हे समजायला या झाडाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. ते किडे खातं ते हौस म्हणून नव्हे. जिथं जमिनीत नत्र, स्फुरद जवळजवळ नसतंच, अशा निकस जागी ही झाडं राहतात. जमीन देत नाही ते ती हवेतून मिळवतात. घटाच्या काठावर गोड रस असतो आणि ओला झाला की हा काठ कमालीचा निसरडा होतो. मुंगी घसरते, आतल्या पाण्यात बुडते आणि त्या पाण्यातले पाचकरस तिला विरघळवून घेतात. झाकण मात्र मिटत नाही. त्याचं मुख्य काम पावसापासून आतला रस सांभाळण्याचं.

निकस जमीन आणि कीटकभक्षी झाड यांचं हे नातं पाहायला फार लांब जायला नको. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर आहे आणि पाऊस त्यातलं सत्त्व दरवर्षी धुऊन नेतो. तिथं दवबिंदू उगवतो, आणि जिला आपण इतक्या हळव्या नावानं ‘सीतेची आसवं’ म्हणतो ती जांभळी फुलंही किडे पकडणाऱ्या वनस्पतीचीच असतात. घटपर्णी कासला नाही, पण गणित तेच आहे. तिच्या मुळांना पाणी आणि हवा हवी, जेवण नको. खताचे क्षार त्या बारीक मुळांना जाळतात. म्हणून तिची कुंडी बदलायची ती जेवण वाढायला नव्हे. जुना झालेला निकसपणा काढून ताजा निकसपणा द्यायचा, एवढंच.

मग कुंडी कधी बदलायची? साधारण दोन वर्षांनी. तोवर कुंडीतलं मॉस किंवा कोकोपीट कुजून लगदा होतं, पाणी वरच साचून राहतं, आंबूस वास येतो. मुळं तळाच्या भोकांतून बाहेर डोकावू लागतात, नवी पानं आधीच्या पानांपेक्षा लहान येतात. या खुणा दिसल्या तरी एप्रिल-मे महिन्यांत हात लावू नये. कोरड्या थंडीतही नको. आपल्याकडे उत्तम काळ म्हणजे पहिले दोन-तीन पाऊस झाल्यानंतरचा, जून-जुलैचा. हवेत ओल असते, ऊन मऊ असतं आणि झाड जोमानं वाढत असतं. नुकतंच विकत आणलेलं रोप असेल, तर आधी दोन-तीन आठवडे त्याला तुमच्या घरची हवा सोसू द्या.

साहित्य थोडंच लागतं. आधीच्या कुंडीपेक्षा दोन-तीन बोटं रुंद, तळाला भरपूर भोकं असलेली प्लास्टिकची कुंडी. मातीची नको. ती लवकर सुकते आणि तिच्या अंगात क्षार साठत जातात. भरण्यासाठी दोन भाग स्फॅग्नम मॉस आणि एक भाग पर्लाइट. मॉस महाग वाटलं तर कोकोपीट चालेल, पण त्यात मीठ असतं, म्हणून चार-पाच पाण्यांतून धुऊन घ्यावं. बागेची माती, शेणखत, गांडूळखत यांतलं काहीही नको.

पाण्याची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आमच्या सांगलीकडं बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरा थर धरतो. तोच थर या मुळांवर बसतो. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. पहिल्या पावसांनी कौलं धुऊन निघाली की पागोळ्यांखाली बादली ठेवावी. उन्हाळ्यासाठी आरओचं पाणी घ्यावं, मात्र त्यातल्या क्षारांचं मोजमाप ५० पीपीएमच्या आत असलेलं बरं.

आता प्रत्यक्ष काम. मॉस शुद्ध पाण्यात अर्धा तास भिजवून हलकं पिळून घ्या. आदल्या दिवशी झाडाला पाणी द्या, म्हणजे गोळा सैल सुटतो. झाड ओढायचं नाही. कुंडी आडवी धरून कडा दाबायच्या. मुळं काळी, बारीक आणि ठिसूळ दिसतील. काळी आहेत म्हणून ती मेली, असं समजून कापू नका. या झाडाची निरोगी मुळंही काळीच असतात. मऊ पडलेली आणि घाण वास येणारी तेवढीच काढा. मुळांत गुंतलेलं मॉस ओरबाडू नका, आपणहून सुटेल तेवढंच सोडवा. झाड पूर्वीइतक्याच खोलीवर ठेवून भोवती मॉस सैल भरा. रोप लावल्यावर अंगठ्यानं माती दाबायची आपली सवय इथं आवरायची.

या सगळ्यात घट उलटे होणार नाहीत, एवढं पाहा. त्यातला रस हे झाडाचं पोट आहे. सांडलाच, तर तळाशी बोटभर शुद्ध पाणी घाला.

नंतरचे दोन-तीन आठवडे सावलीत पण उजेडात ठेवा. हवा कोरडी वाटली तर वर प्लास्टिकची पिशवी सैल घाला. या दिवसांत जुने घट वाळतात आणि माणूस घाबरतो. घाबरून कुणी खत घालतो, कुणी पुन्हा उकरून बघतो. दोन्ही करू नका. नव्या पानावर नवा घट यायला महिना-दोन महिने लागू शकतात.

शेवटी एक सांगायचंच आहे. भारतात नैसर्गिकरीत्या उगवणारी घटपर्णी एकच, मेघालयातली नेपेंथिस खासियाना. गारो भाषेत तिला ‘मेमांग-कोक्सी’ म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. ती आज संकटात आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण दिलेलं आहे आणि दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा इथं तिच्यासाठी अभयारण्यही आहे. जंगलातून उपटून आणलेलं रोप कुणी देऊ केलं, तर घेऊ नका. रोपवाटिकेत मिळणारी ‘व्हेंट्राटा’ ही फिलिपिन्समधल्या दोन जातींच्या संकरातून आलेली, छाटकलमांवर सहज वाढणारी आणि आपल्या हवेत टिकणारी आहे. हौस तिच्यावर भागते.

माझी दुसरी घटपर्णी व्हेंट्राटाच आहे. गेल्या पावसाळ्यात तिची कुंडी बदलली. जुने चारही घट वाळले आणि महिनाभर मी रोज सकाळी तिच्यापाशी नुसता उभा राहून परत येत होतो. ऑगस्टमध्ये एका पानाच्या तंतूचं टोक फुगलेलं दिसलं. आमच्या गुलाबाला मासे धुतलेलं पाणी अजूनही मिळतं. घटपर्णीचं पावसाचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये असतं आणि त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, ‘यात दुसरं काही घालू नये.’