बाराबोअरचा नेम का चुकतो?

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतील ओहायो, इलिनॉय, आयोवा या मक्याच्या शेतांनी व्यापलेल्या राज्यांत चांदमारीची मैदाने गजबजू लागतात. ओहायोमध्ये 'थँक्सगिव्हिंग'नंतरच्या सोमवारी बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो आणि वर्षभर कपाटात पडून राहिलेल्या बंदुका त्याआधीच्या शनिवार-रविवारी बाहेर निघतात. पुढचे दृश्य ठरलेले असते. पहिली गोळी निशाणाच्या डावीकडे चार इंच लागते. शिकारी दुर्बिणीचा स्क्रू फिरवतो. दुसरी गोळी उजवीकडे आणि वर जाते. पुन्हा स्क्रू, पुन्हा गोळी. पाच काडतुसांची महागडी पेटी रिकामी होते, खांदा सुजतो आणि बंदुकीच्या कारखानदाराला दूषणे देत गृहस्थ घरी परततो. दोष मात्र बहुतेक वेळा कारखान्याचा नसतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय संपविला. आपल्याकडे 'बाराबोअर' म्हटले की कोकणातील शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची जुनी बंदूक आठवते, नाहीतर ट्रॅप आणि स्कीट हे नेमबाजीचे क्रीडाप्रकार. तेथे काडतुसातून छर्रे सुटतात. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत मात्र याच बंदुकीतून हरणासाठी एकच जड गोळी डागली जाते. तिला 'स्लग' म्हणतात. सपाट मुलुख आणि जवळजवळची वस्ती असल्याने दूरवर जाणाऱ्या रायफलच्या गोळीला तेथील कायद्याने दीर्घकाळ मज्जाव केला होता. ओहायोने २०१४ मध्ये आणि आयोवाने २०१७ मध्ये ठराविक प्रकारच्या कमी पल्ल्याच्या रायफल काडतुसांना परवानगी दिली. स्लगची बंदूक सुरक्षितच असते, या समजुतीलाही २००७ च्या पेनसिल्व्हेनियातील एका अभ्यासाने धक्का दिला. जमिनीवर आपटून उसळलेला स्लग बराच दूर जातो, असे त्यात दिसून आले. तरीही असंख्य घरांत आजही स्लगचीच बंदूक वापरली जाते.

नेम का बिघडतो हे समजण्यासाठी या बंदुकीचा मूळ स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यातील एक जिच्या नळीत नेमकी बसेल ती बाराबोअर. नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर आणि आतला पृष्ठभाग गुळगुळीत. रायफलच्या नळीत पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि सरळ जाते. गुळगुळीत नळीत ही सोय नाही. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये आणि अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये यावर उपाय शोधला. फॉस्टरचा स्लग मागून पोकळ आणि पुढून जड असतो. बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे त्याचे तोंड आपोआप पुढे राहते. पुढे पीळ असलेल्या नळ्या आल्या आणि त्यांच्यासाठी 'सॅबो' स्लग निघाला. त्यात बारीक गोळी प्लॅस्टिकच्या आवरणात बसविलेली असते. नळीचा पीळ आवरणाला पकडतो, गोळी फिरते आणि बाहेर पडल्यावर आवरण गळून पडते.

म्हणूनच पहिला संशय काडतुसावर घ्यावा. गुळगुळीत नळीतून सॅबो डागला तर गोळी फिरतच नाही, हवेत कोलांट्या खाते. कागदावर गोल छिद्राऐवजी लांबट भोक पडले तर दुसरा पुरावा शोधण्याची गरज उरत नाही. उलट पीळदार नळीतून फॉस्टर डागत राहिल्यास खाचांत शिसे साचते आणि हळूहळू नेम ढळू लागतो. सॅबोचे प्लॅस्टिकही साचतेच. ते वेळोवेळी साफ करावे लागते. एकाच वजनाचे, पण दोन वेगळ्या कंपन्यांचे स्लग एकाच नळीतून काही इंचांच्या अंतराने पडणे ही नित्याची गोष्ट आहे. दोन-तीन प्रकारची काडतुसे आजमावून त्यातील एक पक्के करावे आणि त्यालाच चिकटून राहावे. उरलेली जुनी काडतुसे 'सरावाला चालतील' ही काटकसर येथे उपयोगाची नाही.

दुसरा संशय सांध्यांवर. या बंदुकीची नळी सहज निघावी अशा बेताने बनविलेली असते, त्यामुळे ती जोडावर किंचित हलते. दुर्बीण मागच्या सांगाड्यावर आणि नळी स्वतंत्र, अशी रचना असेल तर नळी हलली तरी दुर्बिणीला पत्ता लागत नाही. दुर्बिणीचा आधार नळीलाच जोडण्याची पद्धत त्यातूनच आली. बाराबोअर स्लगचा धक्का सामान्य शिकारी रायफलहून मोठा असतो. दहा-बारा बारांत स्क्रू सैल पडणे अगदी शक्य आहे. एक गोळी डावीकडे, एक उजवीकडे, असे विनानियम चालले असेल तर दुर्बिणीची बटणे फिरवण्याआधी पेचकस हाती घ्यावा.

तिसरा संशय घ्यायला माणूस सहसा तयार नसतो, कारण तो स्वतःवरचा असतो. स्लग रायफलच्या गोळीपेक्षा सावकाश नळीबाहेर पडतो आणि तेवढ्या काही सहस्रांश सेकंदांत बंदूक मागे व वर सरकू लागलेली असते. म्हणून ती कशी धरली यावर गोळी कोठे पडणार हे ठरते. नळीच वाळूच्या पिशवीवर टेकवली तर गोळी वर जाते. लाकडी पुढचा भाग टेकवावा. नुसती माशी असलेल्या बंदुकीत मागचा बिंदू म्हणजे नेमबाजाचा डोळाच. गाल दस्त्यावरून जरा उचलला की गोळी वर गेलीच. त्यात धक्क्याची धास्ती; चाप ओढण्याआधीच अंग आक्रसते. सोबत्याने गुपचूप रिकामे काडतूस भरून दिले आणि चाप ओढताना नळी खाली झुकली, तर निदान तेथेच पूर्ण होते. अनेकांनी वीसबोअर पत्करली ती याच कारणाने.

आता स्क्रूचे गणित. बहुतेक दुर्बिणींचा एक 'टिक' १०० यार्डांवर गोळी पाव इंच सरकवतो. पंचवीस यार्डांवर तोच टिक इंचाचा सोळावा भाग सरकवतो. तेथे एक इंच सरकवायचा तर सोळा टिक हवेत. माणूस चार फिरवतो, काही घडत नाही, मग चिडून चाळीस फिरवतो. शिवाय एका गोळीवरून काही ठरवणेच चूक. बंदुकीचा स्वतःचाच विखार चार इंचांचा असेल तर प्रत्येक गोळीमागे स्क्रू फिरवणारा योगायोगाचा पाठलाग करतो. आधी तीन गोळ्या एकाच बिंदूवर रोखून डागाव्यात, नळी थंड होऊ द्यावी आणि पुंजक्याच्या मध्यावरून दुरुस्ती करावी. पुंजकाच पडत नसेल तर दुर्बिणीला हात लावण्यात अर्थ नाही.

एवढा आटापिटा कशासाठी, तर पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे हृदय-फुप्फुसांचे क्षेत्र जेमतेम आठ-दहा इंचांचे असते. गोळी तेथे लागली तर मरण तत्काळ. वीतभर मागे, पोटात लागली तर जनावर रानात पळते, तासन्‌तास तडफडते आणि पुष्कळदा सापडतही नाही. सेकंदाला सुमारे ४८० मीटर वेगाने निघालेला फॉस्टर ५० यार्डांवर नेमका बसवला असला तरी १०० यार्डांवर पाच-सहा इंच खाली पडतो आणि मध्यम आडवा वारा त्याला अर्ध्या फुटाहून अधिक बाजूला नेतो. हंगामाच्या पहाटे शिकाऱ्याच्या हाती येणारी पहिली संधी असते थंड, स्वच्छ नळीतून सुटणाऱ्या एकाच गोळीची. जाणते शिकारी म्हणूनच नेम बसवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर येतात, एकच गोळी डागतात, ती कोठे पडली ते कागदावर नोंदवतात आणि बंदूक पिशवीत घालून निघून जातात.