चित्रीकरणाचा पहिला धडा संकलनाचा

चहाच्या टपरीवर दोन मिनिटांची चित्रफीत तयार करून आणा, असे काम दिले, की नवख्या विद्यार्थ्यांचा गट बहुधा अर्ध्या-पाऊण तासाचे चित्रीकरण घेऊन परततो. मोबाइलमध्ये जागा मुबलक असते, फिल्मचा खर्च नसतो. त्यामुळे सुरू झालेला कॅमेरा आरतीच्या तबकासारखा ओवाळला जातो. टपरीवरून रस्त्यावर, रस्त्यावरून किटलीवर, किटलीवरून पुन्हा गिऱ्हाइकांवर. मध्येच एखादे अकारण झूम. संकलनासाठी संगणकासमोर बसल्यावर मात्र ध्यानात येते, की एवढ्या पसाऱ्यात जोडता येईल असा तुकडा क्वचितच सापडतो. प्रत्येक दृश्य पुढच्या दृश्यात वाहून गेलेले असते.

डोळा फिरतो तेव्हा मधले नकोसे मन आपोआप वगळते. कॅमेरा काहीच वगळत नाही. ते काम संकलकाचे, आणि त्याला ते करता यावे यासाठी चित्रीकरणाच्या वेळीच जोडणीचा विचार व्हावा लागतो. म्हणूनच विद्यार्थ्यांना कॅमेऱ्याआधी संकलन शिकवणे अधिक फलदायी ठरते. पहिल्या दिवशी सर्व गटांना तीच वीस तयार दृश्ये द्यावीत. संध्याकाळपर्यंत पाच गटांच्या पाच निराळ्या कथा तयार होतात आणि व्याख्यानाची गरज उरत नाही.

ही पद्धत शंभर वर्षांची जुनी आहे. रशियन क्रांतीनंतर १९१९ मध्ये मॉस्कोत चित्रपटाची शाळा निघाली, तेव्हा तेथे कच्च्या फिल्मचा कमालीचा तुटवडा होता. लेव्ह कुलेशॉव्ह या तरुण दिग्दर्शकाने विद्यार्थ्यांकडून फिल्मविनाच ‘चित्रपट’ बसवून घेतले आणि जुन्या चित्रपटांचे तुकडे पुनःपुन्हा जोडून पाहिले. त्याचा एक प्रयोग पुढे जगप्रसिद्ध झाला. मोझुखिन या नटाचा निर्विकार चेहरा त्याने सूपची बशी, शवपेटीतील स्त्री आणि खेळणारी लहान मुलगी अशा तीन दृश्यांना जोडला. चेहरा एकच, पण प्रेक्षकांना त्यावर कधी विचारमग्नता, कधी गाढ शोक, तर कधी कौतुकाचे हसू दिसले, असे त्याचा सहकारी पुदोव्हकिन याने लिहून ठेवले आहे. अर्थ दृश्यात जितका असतो, तितकाच दोन दृश्यांच्या सांध्यात असतो.

टंचाईने शिकवलेली ही शिस्त आपल्याकडेही होती. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली आणि ती दाखवून भांडवल उभे केले. आज टंचाई उरलेली नाही, तेव्हा ती वर्गात मुद्दाम निर्माण करावी लागते. टपरीवर पुन्हा पाठवताना दहाच दृश्ये घेण्याची अट घातली, की गट कॅमेरा उघडण्याआधी वाद घालू लागतो. तो वाद हेच अर्धे शिक्षण होय.

या दहांपैकी पाच दृश्ये ठरवून द्यावीत: चहा गाळणारे हात, चहावाल्याचा चेहरा, संपूर्ण टपरी, त्याच्या खांद्यामागून दिसणारे गिऱ्हाईक, आणि गटाला सुचेल असा एखादा अनपेक्षित कोन. प्रत्येक वेळी कॅमेरा स्थिर, मोबाइल आडवा आणि मनातल्या मनात दहापर्यंत मोजणी. दहा सेकंद फार लांबतात अशी तक्रार येते. संकलनात त्यातले तीनच लागतात, परंतु ते कोणते तीन हे आधी ठाऊक नसते.

दिशेचा नियम समजायला थोडा वेळ लागतो. चहावाला आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा ओढली, तर कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. रेषा ओलांडून घेतलेली दृश्ये जोडल्यास दोघेही एकाच दिशेला पाहत असल्याचा भास होतो आणि संवाद तुटतो. फुटबॉल सामन्याचे प्रक्षेपण करणारे मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूला असतात ते याचसाठी. अन्यथा कोणता संघ कोणत्या गोलकडे धावतो आहे, हे कळेनासे होईल.

प्रकाशाबाबत एक स्थानिक बाब सांगितलीच पाहिजे. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवल्यास पडद्यावरील थरथर टळते.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो आवाज. चित्र किंचित अंधारले तरी प्रेक्षक सोसतो. ऐकू न येणारी मुलाखत तो सोसत नाही. स्टोव्हच्या घरघरीत कॅमेऱ्यावरचा माइक निरुपयोगी ठरतो. कॉलरला लावायचा साधा माइक किंवा बोलणाऱ्याच्या जवळ ठेवलेला दुसरा मोबाइल पुरतो, पण इअरफोन लावून आवाज तपासणारा एक विद्यार्थी नेमावाच लागतो. आजी-आजोबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या प्रकल्पात ही हयगय भरून काढता येत नाही. चहावाला उद्या पुन्हा बोलेल. आजी बोलेलच असे नाही. कोणी काही न बोलता टपरीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घेऊन ठेवावा. संकलनात सांधे झाकायला तोच उपयोगी पडतो.

संगणकावरील भाग त्या मानाने सोपा. डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती किंवा मुक्त स्रोत असलेले केडेनलाइव्ह शिकायला काही दिवस पुरेत. मूळ चित्रीकरणाची दुसरी प्रत आधी काढावी, मग कापाकापीला बसावे. हालचालीच्या ओघातच एका दृश्यावरून दुसऱ्यावर जावे, म्हणजे सांधा डोळ्यांना जाणवत नाही. पुढील दृश्याचा आवाज चित्राच्या किंचित आधी सुरू केला, तर चित्रफीत एकदम प्रौढ वाटू लागते. वितळणारी, गरगरणारी संक्रमणे मात्र पहिले सत्र संपेपर्यंत बंदच ठेवावीत.

कुलेशॉव्हचा सांधा येथे पुन्हा समोर येतो. गिऱ्हाईक म्हणते, “चहा फारच पाणचट झालाय.” चहावाला अर्ध्या तासापूर्वी भलत्याच विनोदावर हसलेला असतो. ही दोन दृश्ये शेजारी ठेवली, की तो निर्लज्ज ठरतो. दोन्ही दृश्ये खरी, जोड खोटी. प्रत्येक गटाला ही जोड एकदा मुद्दाम करायला लावावी आणि वर्गात दाखवावी. त्यानंतर तयार झालेली दोन मिनिटांची चित्रफीत शिक्षकांच्या आधी टपरीवर नेऊन त्या चहावाल्यालाच दाखवावी. त्याने एखाद्या दृश्याला हरकत घेतली, तर ते ठेवायचे की गाळायचे, याची चर्चा गटाने त्याच्यासमोरच करावी.