गल्ला म्हणजे नफा नव्हे

दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीला हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर 'श्री' लिहितात. जुनी वही कपाटात जाते आणि बहुतेक दुकानांत ती पुन्हा उघडली जात नाही. धंद्याचं आत्मपरीक्षण करायचं ते याच जुन्या वहीसमोर बसून. पण छोट्या व्यावसायिकांच्या काही समजुती त्याआड येतात.

सगळ्यात घट्ट समजूत म्हणजे 'रोज गल्ला भरतोय, म्हणजे धंदा बरा चाललाय.' गल्ल्यातल्या पैशांत मालाची किंमत असते, व्यापाऱ्याचं देणं असतं आणि मालकाची स्वतःची मजुरीही असते. ही मजुरी फार थोडे जण मांडतात. समजा, घरच्याच गाळ्यात नवरा-बायको पोळी-भाजी केंद्र चालवतात आणि सगळा खर्च जाऊन महिन्याला 40 हजार रुपये उरतात. त्यांच्या जागी दोन माणसं ठेवली असती, तर प्रत्येकी 15 हजार पगार द्यावा लागला असता. गाळ्याचं भाडं धरा 12 हजार. बेरीज होते 42 हजार, म्हणजे नफा नाहीच, उलट दोन हजारांची खोट. म्हणून केंद्र बंद करावं असं नाही, पण पोळीचा भाव ठरवताना हा आकडा डोळ्यांसमोर हवा.

सवलतीचंही तसंच. 80 रुपयांना आणलेली वस्तू 100 ला विकली की 20 रुपये सुटतात. दहा टक्के सूट दिली की दहाच उरतात. सूट दहा टक्क्यांची, पण नफा निम्म्यावर आला! पूर्वीइतकी कमाई हवी असेल तर तोच माल दुप्पट खपायला हवा. सणासुदीला 'सेल'चा फलक लावण्याआधी एवढं गणित कागदावर करावंच.

'आपला धंदा केवढासा, त्याचं काय परीक्षण करायचं?' असंही पुष्कळ जण म्हणतात. त्यांनी लिज्जत पापडाची सुरुवात आठवावी. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात आणि चार महिने काम बंद ठेवावं लागलं. 'पाऊसच आडवा आला' म्हणून त्या थांबल्या असत्या, तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम पावसातही चालू राहिलं.

त्याच सुरुवातीच्या काळात त्या दोन प्रतींचे पापड करत, एक प्रत स्वस्तातली. पाठीशी उभे राहिलेले छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला, की एकच चांगली प्रत ठेवा आणि हिशेब चोख लिहा. तो त्यांनी मानला. स्वतःची चूक स्वतःलाच सापडली पाहिजे, हा हट्ट इथे खोटा ठरतो. बाहेरच्या जाणत्या माणसाला वही दाखवण्यात कमीपणा नाही.

मात्र आत्मपरीक्षण म्हणजे दर वेळी स्वतःलाच दोष देणं, हेही खरं नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. खप नव्हता, पण कल्पना चुकलेली नव्हती. माल वाईट आहे की तो लोकांना अजून पटलेला नाही, हे वेगवेगळं तपासावं लागतं, आणि त्यासाठी न घेता परत गेलेल्या गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं.

उरला उधारीचा प्रश्न. 'तगादा लावला की गिऱ्हाईक तुटतं' या भीतीने कित्येक लघुउद्योजक गप्प बसतात. उत्पादन करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना 2006च्या कायद्याने संरक्षण दिलं आहे. लेखी करार नसेल तर खरेदीदाराने 15 दिवसांत पैसे द्यायचे. करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. या संरक्षणासाठी लागणाऱ्या 'उद्यम' नोंदणीला एक पैसाही शुल्क नाही.

यंदा जुनी वही कपाटात ठेवण्यापूर्वी तिच्या शेवटच्या पानावर दोन नोंदी करा: मालक म्हणून तुमचा महिन्याचा पगार किती, आणि सर्वांत जुनी उधारी कोणत्या तारखेची आहे.