पंधरा वर्षांपलीकडची स्पोर्ट बाइक

भारतात स्पोर्ट बाइक म्हणून ज्या मोटारसायकली खपल्या, त्या जगाच्या मापाने लहानच होत्या. जपानी कंपन्या शर्यतींतल्या सहाशे आणि हजार सीसीच्या गाड्या रस्त्यावर आणत होत्या, तेव्हा इथला तरुण शंभर, दीडशे, फार तर सव्वादोनशे सीसीवर समाधान मानत होता. पण गाडी मालकाच्या आयुष्यात किती जागा घेते हे सीसीवर ठरत नाही. पहिल्या पगारावर काढलेले कर्ज, घरच्यांशी घातलेला वाद, हवा तो नंबर मिळावा म्हणून आरटीओत भरलेली जादा रक्कम, हे सगळे त्या लहान गाडीला चिकटलेले असते. नीट राखली तर अशी गाडी पंधरा-वीस वर्षे सहज चालते. तेवढ्या अवधीत मालकाचे लग्न होते, मुले होतात, घराचे हप्ते सुरू होतात, पाठ बोलू लागते. गाडी ठेवायची की काढायची, हा प्रश्न याच काळात कधीतरी निघतो आणि बहुतेक घरांत अर्धवट सोडून दिला जातो. पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाड्या त्या अर्धवट सोडलेल्या प्रश्नाचेच फळ आहेत.

या प्रकारच्या गाड्यांची परंपरा इथे १९८०च्या दशकात सुरू होते. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८३मध्ये राजदूत ३५० आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. पहिल्या आवृत्तीची ताकद सुमारे ३० अश्वशक्ती. इतक्या ताकदीच्या गाडीला पुढेही ड्रम ब्रेकच दिला होता, ही गोष्ट आज चालवणाऱ्यालाही पहिल्या उतारावर कळते. पेट्रोलचा खर्च तेव्हाच्या मध्यमवर्गाला झेपला नाही आणि दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. १९८५ ते १९९६ या काळात निघालेल्या यामाहा आरएक्स १०० या ९८ सीसीच्या, ११ अश्वशक्तीच्या हलक्या गाडीने मात्र गावोगाव घर केले. पुढे १९९९मध्ये हीरो होंडाची सीबीझेड, २००१मध्ये बजाजची पल्सर आणि २००३मध्ये २२३ सीसीची करिझ्मा आली. वेग आणि दिसणे यांसाठी गाडी घेणारा फोर-स्ट्रोकचा ग्राहकवर्ग या तिघींनी घडवला.

नमुना म्हणून तपशिलात पाहण्यासारखी गाडी त्यानंतरची आहे. यामाहाची आर१५ बाजारात आली २००८मध्ये. १४९.८ सीसीचे इंजिन, पण पाण्याने थंड होणारे, चार व्हॉल्व्हचे, फ्युएल इंजेक्शनचे. सहा गिअर, डेल्टाबॉक्स चासी, पूर्ण फेअरिंग आणि १३१ किलो वजन. ताकद १७ अश्वशक्तीच्या आसपास, किंमत लाखाच्या आसपास. त्याच पैशांत त्या काळी शंभर सीसीच्या दोन साध्या गाड्या येत. ज्यांनी ती विशी-बाविशीत घेतली, ते आज चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत आणि त्यांच्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी २०२३पासून संपत गेली आहे. मालकाचा संसार आणि गाडीचे कागद एकाच वेळी निर्णयाला आले, असा हा काळ आहे.

संसाराची पहिली चाचणी सीटवर होते. आर१५च्या पहिल्या आवृत्तीची सीट अखंड होती. २०११च्या दुसऱ्या आवृत्तीत मागचा भाग उंच करून सीटचे दोन तुकडे केले गेले. गाडी देखणी झाली आणि मागे बसणाऱ्याच्या वाट्याला उंच, अरुंद पाट आला. अखंड सीटची मागणी मात्र संपली नाही. २०१५मध्ये कंपनीला अखंड सीटची आर१५एस वेगळी काढावी लागली. तरुणांसाठी बनवलेल्या गाडीवर घरची माणसेही बसतात, याची कंपनीने दिलेली ती कबुलीच म्हणायची. मागे बसणाऱ्यासाठी पकड, पायठेवा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून आडोसा असलाच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमही सांगतात. शोरूममधून निघताच साडीगार्ड काढून माळ्यावर टाकणारे पुष्कळ. लग्नानंतर तेच लोक ती शोधताना दिसतात.

मूल झाले की मामला आणखी अवघड होतो. १५ फेब्रुवारी २०२३पासून लागू झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याच्या मापाचे हेल्मेट आणि त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा लागतो, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. पुढे झुकून चालवायच्या, उंच शेपटीच्या गाडीवर असे मूल बसवणे नियमात बसले तरी शहाणपणात बसत नाही. शिवाय आर१५च्या जुन्या आवृत्त्यांना एबीएस नाही. १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले एप्रिल २०१९पासून. घरात स्कूटर किंवा मोटार येते ती याच टप्प्यावर, आणि स्पोर्ट बाइक रोजच्या कामातून बाहेर पडते.

शरीराची तक्रारही खरी आहे, पण तिचे कारण अनेकदा चुकीचे सांगितले जाते. क्लिप-ऑन हँडल खाली आणि पायठेवे मागे असल्यामुळे धडाचा भार मनगटांवर येतो. ताशी ७०-८०च्या वेगाला समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि तो भार हलका होतो. पुण्याच्या कर्वे रस्त्यावर किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर तो वेग मिळत नाही. तिथे सगळा भार मनगटे, मान आणि कंबर घेतात. तीच गाडी ताम्हिणी किंवा आंबेनळी घाटात त्रास देत नाही याचे कारण हे. त्यामुळे पस्तिशीनंतर अनेक मालक गाडी न विकता तिचा वापर बदलतात: ऑफिससाठी स्कूटर आणि रविवारी पहाटे पाचला निघून, मिसळ खाऊन, अकराच्या आत घरी. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने मुंबई-पुण्याचे लोक जुन्या महामार्गाने खंडाळा चढतात. हा तोडगा चांगला आहे, फक्त तो दर रविवारी पाळला गेला पाहिजे. सहा-सहा महिन्यांनी हातात घेतलेल्या गाडीचा वेग तोच असतो, चालवणाऱ्याचा अंदाज तो राहिलेला नसतो.

उभी राहिलेली गाडी बिघडते कशी, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण कमी चालवली म्हणजे कमी झिजली असा समज घट्ट आहे. बॅटरी आपोआप उतरत जाते. टायरचे रबर नक्षी शाबूत असतानाही कडक होते. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांत त्याचे वय असते, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर घाटात भिजल्या रस्त्यावर भरवशाचा नसतो, मग तो कितीही नवा दिसो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलायचे असते, गाडी पाचशे किलोमीटर चालो वा पाच हजार. फोर्कचे ऑइल सील एकाच जागी बसून कडक होतात आणि पहिल्याच खड्ड्याला गळू लागतात. कोकणात आणि मुंबईत प्लॅस्टिकचे कव्हर ओल आत कोंडते. त्याखाली गंज आणि बुरशी दोन्ही वाढतात, आणि वायरिंग कुरतडायला उंदरांनाही आडोसा मिळतो. आठवड्याला पाच मिनिटे जागेवर स्टार्ट करण्याचा रिवाज तर उलट अपाय करतो. इंजिन पुरते तापत नाही, जळणातून तयार झालेले पाणी वाफ होऊन बाहेर न पडता सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचते. पंधरवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवणे त्याहून कितीतरी बरे.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडचा. देशभर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि त्यात महाराष्ट्राच्या उसाचाही वाटा आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवते. एप्रिल २०२३च्या आधीच्या गाड्यांचे पाइप, रबरी सील, कार्बोरेटरचे पडदे या मिश्रणासाठी निवडलेले नव्हते. गाडी रोज चालत असेल तर हा त्रास सावकाश जाणवतो. टाकीत तेच पेट्रोल महिनोन्महिने राहिले तर टाकी आतून गंजते. कार्बोरेटरच्या गाडीत उभी करण्याआधी खालच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकले की जेट चोंदत नाहीत. रबरी भाग मात्र पाळीने बदलतच राहावे लागतात.

दुरुस्तीच्या बाबतीत जुन्या आणि नव्या पिढीत मोठा फरक आहे. आरएक्स १००चे सिलिंडर बिडाच्या स्लीव्हचे. झिजले की बोअर मारायचा, पुढच्या मापाचा पिस्टन आणि रिंगा टाकायच्या, गाडी पुन्हा उभी. तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही हे काम करतो. आर१५च्या पहिल्या पिढीत ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे डायासिल सिलिंडर आहे. त्यात लोखंडी स्लीव्हच नाही, त्यामुळे तसा बोअर मारता येत नाही आणि झिजले तर अख्खा ब्लॉक बदलायचा. ते झिजते मात्र पुष्कळ उशिरा. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर किंवा पेट्रोल पंप गेला तर कान लावून दोष ओळखणाऱ्या मिस्त्रीचे कसब तोकडे पडते. फेअरिंगचे तुकडे हे वेगळे दुखणे. उभ्या गाडीला कोणी धक्का दिला तरी पॅनल फुटते, आणि जुन्या रंगाचे पॅनल कंपनीकडे मिळेनासे झाले की पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत शोध सुरू होतो. गाडी ठेवायचीच असे ठरले असेल तर गाडी चालू स्थितीत असतानाच क्लच केबल, ब्रेक पॅड, सील, फिल्टर आणि शक्य तर एक पॅनल संच घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

कागदांचा खर्च लोक समजतात तेवढा नाही. महाराष्ट्रात दुचाकीचा कर नोंदणीच्या वेळी एकरकमी भरलेला असतो. पंधरा वर्षांनंतर २५ नंबरचा फॉर्म भरून, गाडी आरटीओत दाखवून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. त्या वेळी पर्यावरण कर आणि नूतनीकरणाचे शुल्क भरावे लागते. तपासणीत इंजिन-चासी नंबर, दिवे, आरसे पाहिले जातात, आणि तरुणपणी हौसेने बसवलेला कर्कश सायलेन्सर तिथे आडवा येतो. मूळ सायलेन्सर जपून ठेवणारा मालक इथे सुटतो. विम्याचे १ जून २०२२पासूनचे थर्ड पार्टी दर पाहिले तर १५० सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये, ३५० सीसीपर्यंत १,३६६ आणि त्यावरच्या गाडीला २,८०४ रुपये, कर वेगळा. १४९.८ सीसीची जुनी आर१५ पहिल्या गटात बसते; १५५ सीसीची नवी आर१५ दुसऱ्या गटात जाते; ३७३ सीसीची ड्यूक ३९० तिसऱ्या. म्हणजे कागदांपायी जुनी गाडी काढावी लागते, हे कारण महाराष्ट्रात बहुधा सबब असते. दिल्ली परिसरातली गोष्ट वेगळी. तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले आणि त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

नोकरीतली बदली हे गाडी सुटण्याचे मोठे कारण. पुण्याहून बंगळूरला गेलेल्याने बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी तिथे वापरली तर ना-हरकत दाखला नेऊन नवी नोंदणी करावी लागते, तिथला कर भरावा लागतो आणि इथल्या कराचा परतावा मागावा लागतो. पुष्कळजण हे टाळून गाडी आईवडिलांच्या सोसायटीत ठेवतात. परदेशी गेलेल्यांचेही तेच. वडील दर शनिवारी फडके मारतात, पण चालवत नाहीत. अशा गाडीसाठी धाकटा चुलतभाऊ, भाचा किंवा जुना मित्र शोधून त्याच्या हाती ती वापरायला देणे, विमा चालू ठेवणे आणि परवाना पाहून घेणे, एवढे केले तरी गाडी वाचते.

विकायची म्हटले तर भावाची अपेक्षा आवरावी लागते. राजदूत ३५० आणि आरएक्स १०० यांना आज मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव येतो, तो त्यांचे टू-स्ट्रोक इंजिन पुन्हा होणार नाही म्हणून. २०००नंतरच्या गाड्या लाखांनी निघाल्या. त्यांतल्या मूळ रंगाच्या, मूळ सुट्या भागांच्या, पहिल्या मालकाकडच्या थोड्यांनाच बरा भाव मिळतो. दहा वर्षे कव्हरखाली ठेवून भाव वाढेल हा हिशेब बहुतेकदा गंजात जातो. गाडी वर्षाकाठी हजार-दीड हजार किलोमीटरही चालत नसेल आणि चालवणारे दुसरे कोणी घरात नसेल, तर चालू स्थितीत विकणे हाच चांगला निर्णय.

विकताना मात्र भावनेपेक्षा कागदाकडे जास्त लक्ष द्यावे. मोटार वाहन कायद्याच्या ५०व्या कलमानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केले आणि गाडी आधीच दुसऱ्या हाती गेलेली असतानाही अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर ठेवली. म्हणून २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही करून चावी दिली की व्यवहार झाला, असे समजू नये. परिवहन खात्याच्या नोंदीत नाव बदललेले दिसेपर्यंत विमा बंद करू नये आणि घेणाऱ्याचा पाठपुरावा सोडू नये.