पाण्यात उतरलेल्याची तहान

आपला बिदर-कलबुर्गीचा मुलूख समुद्रापासून दूरचा. तरीही सुट्टीत मालवण-तारकर्लीला किंवा मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर स्कूबा डायव्हिंगसाठी जाणारी कुटुंबे आता आपल्याकडेही आढळतात. मुलाला न्यावे का, कान दुखतील का, असे पालक मला विचारतात. पाणी किती पाजावे, हे सहसा कोणी विचारीत नाही. चोहीकडे पाणीच पाणी असताना शरीर कोरडे पडेल, ही शंका मनाला शिवत नाही.

प्रत्यक्षात पाण्यात उतरताच शरीर पाणी टाकू लागते. बाहेरच्या पाण्याच्या दाबामुळे हातापायांतील सुमारे अर्धा लिटर रक्त छातीकडे सरकते आणि हृदयाचे कर्णिक ताणले जातात. शरीराचा समज होतो की रक्त फार झाले. मूत्र रोखून धरणारे संप्रेरक घटते, क्षार बाहेर टाकणारे वाढते आणि मूत्रपिंडे झपाट्याने कामाला लागतात. पाणी गार असेल तर कातडीतील रक्तवाहिन्या आकसून यात भरच पडते. गंमत अशी की याच स्थितीत तहानही मंदावते. कलबुर्गीच्या वैशाखात घसा तरी ओरडून सांगतो. समुद्रात तो गप्प असतो.

टाकीतील हवेचा बाऊ मात्र थोडा अधिकच केला जातो. टाकी गंजू नये म्हणून त्या हवेतील ओलावा काढलेला असतो आणि प्रत्येक श्वास आपल्या श्वसनमार्गाला ओला करावा लागतो, हे खरे. पण त्यात तासाला चार-पाच चमचे, फार तर अर्धी वाटी पाणी जाते. खरे नुकसान होते ते होडीत. नेत्राणीला जाण्यास तास-दीड तास लागतो. डोक्यावर ऊन, अंगात घट्ट रबरी पोशाख आणि होडी लागून होणाऱ्या उलट्या! त्यातच ‘मध्येच लघवी लागेल’ म्हणून सकाळपासून पाणी न पाजण्याची आपल्याकडील प्रवासी सवय.

मोठ्यांनी आदल्या रात्रीपासून नेहमीप्रमाणे प्यावे, मद्य टाळावे आणि बुडीपूर्वीच्या दोन तासांत दोन ग्लास पाणी किंवा ताक थोडे थोडे घ्यावे. लघवी फिकट असली म्हणजे पुरे. लिटरच्या लिटर पाणी रिचवणेही योग्य नव्हे. छातीकडे आधीच रक्त सरकलेले असते, तेथे आणखी भार नको.

बहुतेक संस्था समुद्रातील बुडीस 10 वर्षांखालील मुलांना परवानगी देत नाहीत. त्याहून मोठ्या मुलाला होडीत उलटी झाली, तर त्या दिवशी त्याला पाण्यात उतरवू नये. पैसे भरलेले असले तरी नाहीच. दर काही मिनिटांनी चमचा-चमचा ओआरएस द्यावे. झोप आणणाऱ्या उलटीच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. पाकीट घरूनच न्यावे व जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे आहे ना, ते वाचून घ्यावे: लिटरला सोडियम 75, ग्लुकोज 75 मिलिमोल. गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ छापण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, ती याच गोंधळामुळे.

बुडीत दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात विरघळतो. तो वर येताना व नंतरही हळूहळू बाहेर पडावा लागतो. घाईने दाब उतरला तर त्याचे बुडबुडे होतात. शरीर कोरडे असताना हा धोका वाढतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. माणसांतील पुरावा तितका पक्का नाही. तारकर्लीच्या उथळ, अल्पकाळच्या बुडीत हा धोका थोडाच. तरी आपल्यासाठी एक मुद्दा आहे. मालवणहून परतताना आंबोलीचा घाट चढावा लागतो आणि बिदर स्वतःच 2,000 फुटांहून उंच आहे. शरीराच्या दृष्टीने तो विमानप्रवासासारखाच दाबातील उतार होय. साध्या एका बुडीनंतर किमान 12 तास आणि एकाहून अधिक बुड्या झाल्यास 18 तास एवढी उंची गाठू नये, असा संकेत आहे. तेव्हा बुडी मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी ठेवू नये. ती पहिल्याच दिवशी उरकावी आणि परतीच्या गाडीतही पाण्याची बाटली हाताशी असू द्यावी.