संगणकाचे मेज आणि दप्तरखाना

कचेरीतील कारकुनाच्या मेजाला मर्यादा असते. ज्या प्रकरणांवर काम चालू आहे, त्यांचे कागद मेजावर राहतात. उरलेले रुमालात बांधून दप्तरखान्यात जातात. संगणकाची मुख्य मेमरी हे असेच मेज होय. ते भरत आले म्हणजे लिनक्ससारखी कार्यप्रणाली मेमरीतील काही पाने डिस्कवरील राखीव जागेत नेऊन ठेवते. या जागेस ‘स्वॅप’ म्हणतात. १९६२ साली मँचेस्टर येथे कार्यान्वित झालेल्या ॲटलस यंत्रात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अदलाबदल प्रथम स्वयंचलित केली.

हिशेबाच्या कामी ही व्यवस्था वरदान ठरली. खेळाच्या कामी मात्र ती जपून वापरावी लागते. ‘माइनक्राफ्ट’ या खेळाचेच पाहावे. त्याचा सर्व्हर, म्हणजे दूरदूरच्या खेळाडूंना एका जगात आणणारा मध्यवर्ती संगणक, ते जग दर सेकंदाला २० वेळा पुढे सरकवतो. प्रत्येक खेपेस वेळ मिळतो ५० मिलिसेकंद. मेमरीतील माहिती सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात हाती येते. फिरत्या डिस्कवरून आणावयाची तर सुमारे १० मिलिसेकंद जातात. अशी पाच पाने मागवली की त्या खेपेची वेळ सरली. नवीन एसएसडी पुष्कळच जलद खरी, तरी मेमरीच्या मानाने मंदच. त्यात हा सर्व्हर जावा भाषेत लिहिलेला. जावामधील केर काढणारी यंत्रणा अधूनमधून आपल्या वाट्याच्या साऱ्या मेमरीत फिरते आणि दप्तरखान्यात गेलेला एकेक रुमाल परत मागवते. खेळाडूंच्या पडद्यावरचे जग गोठते, ते अशा वेळी.

यावर उपाय म्हणून स्वॅप मुळातच बंद करणारे पुष्कळ आहेत. पण मेमरी संपली आणि मागे दप्तरखानाही नाही, असे झाल्यास लिनक्स सामान्यतः सर्वांत जास्त मेमरी व्यापणारा प्रोग्राम शोधून तत्काळ बंद पाडते. आणि तो बहुधा खेळाचा सर्व्हरच असतो. शेवटच्या नोंदीनंतर मुलांनी रचलेले वाडे आणि पूल त्याबरोबर जातात.

म्हणून स्वॅप असावे, पण त्याची गरज क्वचित पडावी. लिनक्समध्ये ‘स्वॅपिनेस’ या काहीशा ओबडधोबड नावाचा एक आकडा असतो. मुळात तो ६०. मेमरी तितके टक्के भरल्यावर अदलाबदल सुरू होते, असा त्याचा अर्थ सर्रास केला जातो. तो चुकीचा आहे. जागा करावयाची झाल्यास फायलींच्या प्रती आधी टाकाव्यात की चालू प्रोग्रामांची पाने बाहेर काढावीत, याविषयीचा कल तो आकडा ठरवतो. खेळाच्या सर्व्हरवर तो १० च्या आसपास आणला म्हणजे खेळाची पाने बव्हंशी मेजावर राहतात. शून्य केल्यानेही स्वॅप बंद होत नाही. निकडीच्या वेळी ते वापरले जातेच.

तथापि आकड्याहून वाटणी महत्त्वाची. १६ जीबी मेमरीच्या यंत्रावर जावाच्या नावे सोळाच्या सोळा लिहून देणे, ही हौशी चालकांची नेहमीची चूक. त्या वाट्याखेरीज जावाला स्वतःच्या कारभारासाठी जागा लागते, कार्यप्रणालीला लागते, फायलींना लागते. १० किंवा ११ जीबी देऊन बाकी मोकळी सोडावी. नंतर खेळ ऐन रंगात असताना ‘व्हीएमस्टॅट’ ही आज्ञा देऊन ‘एसआय’ व ‘एसओ’ हे स्तंभ पाहावेत. स्वॅपमधून आत येणारी व बाहेर जाणारी आवक-जावक तेथे कळते. स्वॅपमध्ये काही पाने नुसती पडून असली तर बिघडत नाही. ती बहुधा निजलेल्या प्रोग्रामांची असतात. या दोन स्तंभांत मात्र शून्येच दिसत राहिली पाहिजेत.